उरलेली एकवीस मिनिटं

रस्ता मोकळा मिळाल्याचं दुःख झालेला माणूस त्या दिवशी पुण्यात मी एकटाच असेन.

गुरुवारी कसली तरी सुट्टी होती, पुढे शनिवार-रविवार, आणि मधला शुक्रवार गावाने रजा टाकून गिळला होता. चांदणी चौकातून हायवेला लागलो तर समोर फक्त एक टेम्पो. एरवी इथून बावधन येईपर्यंत माणसाचा नोकरी सोडायचा विचार पक्का होतो. मी गाडी डावीकडे घेतली आणि काटा चाळीसवर ठेवला.

"सर, मागचा ट्रकवाला हॉर्न देतोय," मागच्या सीटवरून रुबीना म्हणाली.

"देऊ दे."

"गाडीला काय झालंय का?" शेजारी बसलेल्या इंगवल्यांनी विचारलं.

"गाडी ठणठणीत आहे. आजचा भाग अठ्ठावन्न मिनिटांचा आहे. सुसाट गेलो तर अर्ध्यावरच हिंजवडी येईल."

"मग संध्याकाळी ऐकू की उरलेला. कुठं पळून चाललाय का तो?" इंगवले म्हणाले आणि त्यांनी मांडीवरची डायरी उघडली.

भाग म्हणजे पॉडकास्टचा भाग. ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो, आणि आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एकेचाळिसाव्या वर्षी माणसाला मागे पडायची धास्ती वाटायला लागते. दोन वर्षांपूर्वी शिकलेलं शिळं होतं, शेजारच्या टेबलावर चोविशीतली मुलं भलतीच नावं घेऊन बोलायला लागतात, आणि आपण मान डोलावून नंतर गुपचूप ती नावं शोधतो. कोर्स करायला वेळ नव्हता. माझ्याकडे वेळ होता तो फक्त ट्रॅफिकमधला, आठवड्याला दहा तास. म्हणून मी जाता-येता पॉडकास्ट लावायला लागलो. अमेरिकेतली, आयर्लंडमधली, ऑस्ट्रेलियातली माणसं आपापल्या कंपन्यांत काय केलं ते तासभर सांगायची आणि मी स्टिअरिंग धरून ऐकायचो. सहा महिन्यांत माझी भाषा बदलली. मीटिंगमध्ये मुलं माझ्याकडे वळून बघायला लागली. मला ते फार आवडायचं, लपवत नाही.

गाडी माझी, म्हणून भाग मी निवडायचो. वारज्याला इंगवले बसायचे, चांदणी चौकात रुबीना अत्तार. रुबीना आमच्या कंपनीत टेस्टर होती, म्हणजे आम्ही केलेल्या कामातल्या चुका काढायचा तिला पगार मिळायचा आणि गाडीत ती ते फुकट करायची. ती बसली की मी भाग सुरू करायचो. इंगवले त्याला कीर्तन म्हणायचे.

"आज कुणाचं कीर्तन?" ते रोज विचारायचे. सुरुवातीला मी दीडपट वेगाने लावायचो. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "जरा सावकाश चालवा ओ. माणूस मधे श्वास तरी घेतोय का?" मग सव्वापटीवर तडजोड झाली.

गाडीत एक नियम होता आणि तो मीच केला होता. भाग अर्धा राहिला तर उरलेला तिघांनी मिळून संध्याकाळी ऐकायचा. कुणी मधेच एकट्याने ऐकला, तरी पुढचं सांगायचं नाही. एकदा एका कंपनीचा सगळा डेटा पुसला गेल्याची भन्नाट हकीकत आम्ही ऐकत होतो. ती वाकडच्या पुलावर राहिली, आणि रुबीनाने दुपारी कॉफीच्या मशिनपाशी मला शेवट सांगून टाकला. खुनी कोण ते सांगितल्यासारखा माझा संताप झाला होता. त्या दिवसापासून नियम.

तर त्या शुक्रवारी कॅनडातल्या एका कुरिअर कंपनीचा तांत्रिक प्रमुख बोलत होता. त्यांच्याकडे एकच भलामोठा जुना प्रोग्रॅम होता. एक बारीकशी दुरुस्ती करायची तरी सगळा प्रोग्रॅम बंद ठेवायला लागायचा. मग त्यांनी धाडस केलं. त्या प्रोग्रॅमचे चौतीस छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम केले. प्रत्येक तुकडा वेगळ्या लोकांकडे, एक बंद केला तरी बाकीचे चालू. आधी महिन्यातून एकदा बदल व्हायचे ते दिवसातून दहा-दहा वेळा व्हायला लागले. माणूस सांगताना खुशीत हसत होता.

मीही हसत होतो, कारण दुपारी तीन वाजता मला हेच मांडायचं होतं.

आमची कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर करायची. रक्ताच्या नळीवर बारकोड चिकटला की तिथपासून रिपोर्ट पेशंटच्या हातात पडेपर्यंत सगळं आमच्या प्रोग्रॅमवर चालायचं. तीनशेच्या वर लॅब होत्या. तो प्रोग्रॅम चौदा वर्षांपूर्वी एका माणसाने जवळजवळ एकट्याने लिहिला होता, आणि तो माणूस माझ्या शेजारी डायरी घेऊन बसला होता. मधुकर इंगवले, मूळचे कराडचे, वय चौपन्न. ऑफिसात त्या प्रोग्रॅमला सगळे 'म्हातारा' म्हणायचे, फक्त इंगवल्यांसमोर नाही.

म्हाताऱ्याचे तुकडे करावेत असा प्रस्ताव माझा होता. तो मंजूर झाला असता तर मी त्या कामाचा प्रमुख होणार होतो, आर्किटेक्ट, काचेची केबिन वगैरे. आणि म्हातारा गेला की त्याला सांभाळणाऱ्यांची गरज उरणार नाही, हेही कंपनीचं आडून आडून सांगून झालं होतं. सांभाळणारे म्हणजे इंगवले. त्यांची मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. हे मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि तरी ते रोज माझ्या गाडीत बसून माझ्याबरोबर तुकडे करायच्या गोष्टी ऐकायचे. मी स्वतःची समजूत घातली होती की त्यांचं कुठे ना कुठे काहीतरी बघता येईल. कुठे, ते मी शोधलं नव्हतं.

चाळीसच्या वेगाने जाऊनही आम्ही वेळेच्या खूप आधी पोचलो. पार्किंगमध्ये गाडी लावली तेव्हा भागाची एकवीस मिनिटं उरली होती. "बसूया का इथेच?" मी विचारलं, आणि तेवढ्यात आमच्या प्रमुखांचा, शाल्मली प्रधानांचा फोन आला. प्रेझेंटेशन आधी एकदा बघायचंय म्हणाल्या. मी भाग थांबवला.

दुपारी अडीचला इंगवले माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"खांबेटे, ते सकाळचं राहिलेलं जरा ऐकून घेता का? वीस मिनिटं लागतील."

"आत्ता? माझ्या दोन स्लाईड राहिल्यात."

"मी ऐकलं जेवताना. सांगू का थोडक्यात?"

"इंगवले, नियम."

"अहो, नियम ठीक आहे, पण मीटिंगच्या आधी—"

"संध्याकाळी," मी म्हणालो. "एक शब्दही नाही."

मला वाटलं, शेवटी काहीतरी गमतीदार किस्सा असेल. मग ते आपल्या जागेवर गेले आणि टेबलाखाली बूट काढून बसले. काम करताना ते बूट काढून ठेवायचे, पंचवीस वर्षांची सवय.

मीटिंगला आम्ही चौघंच होतो. प्रधान मॅडम, मी, इंगवले आणि टेस्टिंगच्या बाजूने रुबीना. मी छान बोललो. सगळे नवे शब्द जागच्या जागी पडले. मॅडम माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होत्या आणि मधे न बोलता ऐकून घ्यायच्या, त्यामुळे बोलणारा वाहवत जायचा.

"हे कुणी करून पाहिलंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

मी कॅनडातल्या कुरिअर कंपनीची गोष्ट सांगितली. चौतीस तुकडे, दिवसाला दहा बदल.

"आणि आता कसं चाललंय त्यांचं?"

"उत्तम," मी म्हणालो.

हे मी ऐकलेलं नव्हतं. पण माणूस आवाजावरून सुखी वाटत होता, आणि मीटिंगमध्ये "माहीत नाही" म्हणायची मला सवय उरली नव्हती.

मॅडम इंगवल्यांकडे वळल्या. "तुम्हीही याच गाडीतून येता ना? तुम्हीही ऐकलं असेल. तुमचं काय मत?"

मी मनात कपाळावर हात मारून घेतला. ज्याची खुर्ची जाणार त्यालाच मत विचारलं तर तो काय सांगणार? इंगवल्यांनी डायरी मिटली.

"मॅडम, सकाळी अर्धंच ऐकून झालं. उरलेलं आम्ही संध्याकाळी ऐकतोय. सोमवारी खांबेटे सगळं सांगतील तुम्हाला."

"सोमवारी अकराला मला मालकांना हो किंवा नाही कळवायचंय," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या आत सांगा."

मी चरफडत बाहेर आलो. हो म्हणायच्या बेतात असलेल्या बाईला या माणसाने तीन दिवस विचार करायला दिले होते. म्हाताऱ्याने वेळ काढून घेतला, असं मी रुबीनाला म्हणालोसुद्धा, आणि या वेळी मला प्रोग्रॅम म्हणायचा नव्हता. रुबीनाने माझ्याकडे नीट बघितलं.

परत जाताना मात्र सुट्टीला बाहेर निघालेल्यांमुळे ट्रॅफिक आपल्या नेहमीच्या रूपात आला होता. वाकडच्या पुलाखाली आम्ही अडकलो आणि मी गाल फुगवून उरलेला भाग लावला.

तो कॅनडावाला हसतच म्हणाला, की हे झालं पहिल्या चार महिन्यांचं. आता पुढचं सांगतो.

पुढचं असं होतं. एका पार्सलचा पत्ता बदलायला अकरा तुकड्यांना एकमेकांशी बोलायला लागायचं. त्यातला एक आजारी पडला तर कोणता, हे शोधण्यात दिवस जायचा. पार्सलं टोरांटोहून निघून टोरांटोलाच पोचायला लागली. चौदा महिन्यांनी त्यांनी चौतीसच्या चौतीस तुकडे परत एकत्र केले, जुन्यासारखाच एक प्रोग्रॅम केला, आणि तेव्हा कुठे सगळे रात्री झोपायला लागले. मुलाखत घेणाऱ्या बाईने विचारलं, मूळ चूक कोणती? तो म्हणाला, जुना प्रोग्रॅम तसा का आहे हे आम्ही समजूनच घेतलं नाही. ज्याने तो लिहिला होता त्याला पहिल्याच महिन्यात घरी पाठवलं होतं.

इंगवले खिडकीतून एका बिल्डरच्या होर्डिंगकडे असे बघत होते, की जणू त्यांना तिथे फ्लॅट घ्यायचाय.

जाहिरात सुरू झाली तसा मी आवाज बंद केला.

"हे तुम्ही दुपारी ऐकलं होतं," मी म्हणालो.

"हो."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाही?"

"काय बोलू? की मॅडम, शेवटी असं निघालं की म्हाताऱ्या माणसाला काढू नये?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "माझ्या तोंडून ते कसं दिसलं असतं, सांगा बरं. म्हणून तुम्हाला आधी सांगायला आलो होतो."

म्हाताऱ्या हा शब्द त्यांनी सहज वापरला. म्हणजे ऑफिसात काय म्हणतात ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मला कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटकडे बघत राहिलो.

"सर, मीपण ऐकलं होतं," मागून रुबीना म्हणाली. "जेवताना त्यांच्या इअरफोनचा एक कान माझ्याकडे होता."

"मग तू तरी सांगायचंस."

"तुम्ही 'एक शब्दही नाही' म्हणालात ते चार टेबलांपलीकडे ऐकू आलं."

बाणेर, पाषाण, बावधन मागे पडलं. चांदणी चौकात उतरताना रुबीनाने फक्त "सोमवारी भेटू" म्हटलं.

शनिवार-रविवार मी स्वतःशी वकिली करण्यात घालवला. ती कुरिअर कंपनी, आपण पॅथॉलॉजीवाले. त्यांचे चौतीस तुकडे, माझ्या प्रस्तावात बाराच. त्यांना जमलं नाही म्हणून आपल्याला जमणार नाही असं कुठे आहे? आणि मॅडमनी विचारलं होतं कसं चाललंय, तर आता एकत्र केल्यावर त्यांचं उत्तमच चाललंय की. म्हणजे मी खोटं बोललोच नव्हतो. हा शेवटचा मुद्दा मला रविवारी अंघोळ करताना सुचला आणि मी मनापासून खूश झालो. सोमवारी एक वाक्य बोलायचं, "सगळं ऐकलं, ठीक आहे," आणि गप्प बसायचं. मॅडम अठ्ठावन्न मिनिटांचं पॉडकास्ट ऐकायला जाणार नव्हत्या. इंगवले बोलणार नव्हते, कारण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की ते त्यांच्या तोंडून बरं दिसणार नाही. काचेच्या केबिनमध्ये टेबल कुठल्या बाजूला लावायचं इथपर्यंत माझी मजल गेली.

सोमवारी वारज्याला इंगवले बसले ते डायरी उघडूनच.

"आज कीर्तन नको," ते म्हणाले. "मला तुम्हाला विचारायचंय. काल मी पोरीचा लॅपटॉप घेतला आणि एक तुकडा तोडून बघितला."

"कसला तुकडा?"

"रिपोर्ट छापायचा. आपल्या प्रोग्रॅममधून तेवढाच बाहेर काढला आणि वेगळा चालवला. आपण मागच्या महिन्यात त्या आयरिश बाईचं ऐकलं नव्हतं का, तिनं सांगितलेल्या पद्धतीनं. चार वेळा पडला. पाचव्यांदा चालला." त्यांनी पानावर बोट ठेवलं. डायरीत सगळं मराठीत लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, भागाचं नाव आणि मिनिट टाकून. मी इतके दिवस समजत होतो की ते वेळ जावा म्हणून काहीतरी खरडतात. "आता मला सांगा. हा तुकडा बंद पडलेला असताना रिपोर्ट तयार झाला, तर मधल्या वेळात तो रिपोर्ट ठेवायचा कुठं? हरवला तर पेशंट बोंब मारणार."

याचं उत्तर मला येत होतं असं मला वाटलं. मी त्यासाठी असलेला शब्द सांगितला.

"हो, शब्द लिहिलाय मी. करायचं कसं?"

तो शब्द मी किमान वीस भागांत ऐकला होता. त्यावर मी कॅन्टीनमध्ये दोन मुलांना व्याख्यान दिलं होतं. पण स्वतःच्या हाताने मी ते एकदाही करून बघितलेलं नव्हतं, आणि हे मला सूसच्या खिंडीत, चौपन्न वर्षांच्या माणसाने बोट ठेवलेल्या पानाकडे बघताना पहिल्यांदा कळलं.

"बघून सांगतो," मी म्हणालो. "पण तुम्ही हे कशाला करत बसलात? रविवारी?"

"तुम्ही आज अकराच्या आत हो सांगणार," इंगवले सरळ म्हणाले, जराही टोमणा न मारता. "मग हे तुकडे होणारच. तेव्हा मला यायला नको का? यायला लागलं तर ठेवतीलही कदाचित. जुनं येणारा माणूस नको म्हणतात, नवं येणाऱ्याला तर काढत नाहीत ना?"

चांदणी चौकात बसलेली रुबीना मागे खिडकीची काच उगाचच वरखाली करत होती. मला लाज वाटली. साधी, स्वच्छ लाज, शाळेत दुसऱ्याची वही स्वतःची म्हणून दाखवताना पकडल्यावर वाटते तशी. हा माणूस रोज माझ्या शेजारी बसून स्वतःच्याच जागी येणाऱ्या गोष्टीचा अभ्यास करत होता, आणि अभ्यास म्हणून तो माझ्यापेक्षा चांगला करत होता.

ऑफिसात पोचलो. लिफ्टमधून उतरलो तो थेट प्रधान मॅडमच्या दारावर टकटक केलं.

"उरलेला भाग ऐकला," मी म्हणालो. "त्यांनी सगळं परत एकत्र केलं. चौदा महिन्यांनी. शुक्रवारी मी उत्तम म्हणालो ते न ऐकता म्हणालो होतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "परत एकदा सांगा."

मी सगळं सांगितलं. अकरा तुकडे, टोरांटोची पार्सलं, आणि ज्याने लिहिलं त्याला घरी पाठवल्याचंसुद्धा. ते सांगताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.

"म्हणजे तुमचाच प्रस्ताव तुम्ही मागे घेताय."

"बारा तुकड्यांचा मागे घेतोय. एक करून बघावा असं म्हणतोय. रिपोर्ट छापायचा. इंगवल्यांनी तो काल घरी करून पाहिलाय, चार वेळा पडला, पाचव्यांदा चालला."

"इंगवल्यांनी?"

"हो. मला तो अजून येत नाही."

आर्किटेक्ट व्हायला निघालेल्या माणसाने बोलायचं हे वाक्य नव्हे. मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. "मग त्या तुकड्याचं काम त्यांच्याकडे राहील," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्या हाताखाली बसा, सहा महिने. जुनं नीट समजून घ्या. केबिनचं पुढे बघू."

केबिनचं पुढे कधीच कुणी बघितलं नाही. दोन वर्षांनी बाहेरून एक बाई आर्किटेक्ट म्हणून आली, आणि खरं सांगायचं तर तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. इंगवले साठ पूर्ण करून, हार-तुरे घेऊन रिटायर झाले. तोवर म्हाताऱ्याचे पाच तुकडे झाले होते, पाचही त्यांच्या हातचे, आणि त्यातले तीन माझ्याही.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी मी बाहेर आलो आणि इंगवल्यांना घेऊन गेटसमोरच्या टपरीवर चहाला गेलो. मी त्यांना आत काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बशीत चहा ओतला, आणि फुंकर मारून प्यायला लागले.

"एक विचारू?" मी म्हणालो. "मी गेलोच नसतो तर?"

"तर मी गेलो असतो."

"तुम्ही तर म्हणाला होतात, तुमच्या तोंडून बरं दिसणार नाही."

"बरं दिसणार नाही म्हणालो. जाणार नाही कुठं म्हणालो?" त्यांनी बशी खाली ठेवली. "पोरीचं अजून दीड वर्ष आहे, खांबेटे. मी काय संत नाही. अकराला पाच कमी होईपर्यंत तुम्हाला वेळ द्यायचं ठरवलं होतं. बूट घालून बसलो होतो टेबलापाशी."

"कधीपासून?"

"दहा पन्नासपासून," ते म्हणाले. "आणि दोन मिनिटांनी तुम्ही उठलात."

वर मी लिहिलंय की लिफ्टमधून उतरलो तो थेट मॅडमच्या दारावर टकटक केलं. ही गोष्ट मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली, आणि दर वेळी अशीच सांगितली. पण आम्ही त्या दिवशी साडेनऊलाच पोचलो होतो. साडेनऊ ते दहा बावन्न मी माझ्या जागेवर कानात इअरफोन घालून बसलो होतो. जगात कुठेतरी अशी एक कंपनी असेल, जिने जुन्या प्रोग्रॅमचे तुकडे केले, ज्याने लिहिला त्याला घरी पाठवलं, आणि शेवटपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मी तिचा भाग शोधत होतो. दुप्पट वेगाने सात भाग चाळले, फक्त त्यांचे शेवट. मिळाला असता तर मी उठलो नसतो.